मिठाचे नाना

पंगतीत पान मांडलं की आधी मीठ वाढतात, वरच्या अंगाला, मधोमध. बाकीच्यांची नजर जिलबी कुठवर आली याकडे असते. नानांची नजर त्या चिमूटभर पांढऱ्या ढिगावर खिळलेली असते. असे एक नाना प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक गोतावळ्यात असतात. निवृत्त, मराठी शब्दकोशाचे निस्सीम भक्त, खिशात रक्तदाबाची गोळी.

"मीठ म्हणजे मुळात गोड, ठाऊक आहे?" शेजारच्याचा पहिला घास अजून तोंडात जायचाय. तो मान हलवतो, आणि तिथंच फसतो. संस्कृत 'मिष्ट', त्याचं झालं मीठ. त्याच घराण्यातला हिंदीचा 'मीठा', आणि मिठाईही त्यांचीच. गुजराती माणूस तर मिठालाही मीठुं म्हणतो आणि गोडालाही. तेवढ्यात वरण निवतं.

तिथून नाना लवणावर येतात. ज्यात लवण नाही ते अलवण, म्हणून अळणी. इथवर ठीक. पण 'लावण्य' हा शब्दही त्या लवणाचाच, मूळ अर्थ खारटपणा, हे त्यांनी एका लग्नात नवरीच्या आत्याला तिच्या भाचीचं कौतुक म्हणून सांगितलं. आत्याबाई त्या दिवसापासून नानांशी बोलत नाहीत. लॅटिनमध्येही मिठाला 'साल', त्यावरून 'सालारियम', त्यावरून इंग्रजीतली सॅलरी. रोमन शिपायांना पगार मिठात मिळायचा ही नानांची लाडकी गोष्ट. तिला धड पुरावा नाही, पण तसं म्हणायची कुणाची छाती नाही. म्हणालात तर दांडीपासून पुन्हा सुरुवात होते. ६ एप्रिल १९३०, गांधीजींनी मूठभर मीठ उचललं. त्याच वर्षी आपल्या शिरोड्याला सत्याग्रह झाला. आगर म्हणजे मिठागर. भांडुप-मुलुंडची मिठागरं लोकलमधून दिसतात, कोणत्या बाजूला बसलं म्हणजे दिसतात... तोवर ताक आलेलं असतं.

त्यांचं सगळं आयुष्यही मिठाच्याच भाषेत बेतलेलं. बढती दोनदा हुकली तरी ते कंपनीच्या मिठाला जागले. धाकट्या भावानं तीन खोल्यांचा फ्लॅट घेऊन वास्तुशांतीचं पहिलं आमंत्रण यांनाच दिलं, म्हणजे जखमेवर मीठ चोळलं. हीच हकीकत ते तिखटमीठ लावून सांगतात तेव्हा फ्लॅटला चौथी खोली फुटते. सुनेनं "बाबा, फरसाणाचा डबा कुणी उघडला?" असं विचारलं, की मात्र मिठाची गुळणी.

कारण खरी गोम इथं आहे. डॉक्टरांनी नानांचं मीठ तोडलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं माणसाला दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. नानांच्या वाट्याला तेवढंही येत नाही. ताटातलं मीठ गेलं ते असं जिभेवर आलं. आणि माझा तर संशय असा, की त्यांची व्युत्पत्ती ही निव्वळ विद्या नसून चोरवाट आहे.

"जरा सैंधव वाढ गं."

"अहो, मीठ बंद आहे ना?"

"सैंधव आणि मीठ एक कसं? सैंधव सिंधूकडचं, म्हणून सैंधव. दोघांचं कूळ वेगळं."

"शेंदेलोण म्हणतात त्याला. लोण म्हणजे काय, तुम्हीच सांगितलंत."

पादेलोणाचा अर्जही याच कलमाखाली फेटाळला जातो. चाळीस वर्षं ऐकून ऐकून काकूंचं व्याकरण पक्कं झालंय. नाना पापडाकडे बोट दाखवतात, त्यात मीठ कुठं, पापडखार असतो. काकू म्हणतात, खार म्हणजे गोड का? भाजी सपक लागते अशी कुरकुर केली, तर "नावडतीचं मीठ अळणी" एवढंच म्हणून त्या पोळी वाढतात, आणि नावडती नेमकी कोण, भाजी की आपण, हे विचारायचं धाडस नानांना होत नाही. मग त्यांचा हात हळूच बरणीकडे सरकतो. काकू बरणी उचलतात. "लोणचं. लवणापासून. मागच्या रविवारी पाहुण्यांना तासभर समजावत होतात."

त्याच झपाट्यात त्या लोण्याची वाटीही उचलतात. इथं मात्र नानांचा विद्वान खवळतो. "अगं, लोण्याचा लवणाशी काडीचाही संबंध नाही! ते नवनीत! न-व-नी-त! नुसत्या ध्वनिसाम्यावर जाऊ नकोस!"

"बरं, नवनीत," काकू वाटी फ्रिजमध्ये ठेवत म्हणतात. "मग ते कोलेस्टेरॉलवाल्या डॉक्टरांकडे."