बारदान वजा करून

पावसाळा सरत आला की पेपरात एक फोटो न चुकता येतो. तुरीचं नाहीतर उसाचं रान, पुढं हिरव्या झाडांची भलीमोठी मोळी, मोळीमागं ओळीनं उभे असलेले साहेब, आणि कडेला तोंडावर बुरखा घालून उकिडवा बसवलेला एक माणूस. मथळा ठरलेला: आंतरपिकात गांजा, इतक्या लाखांचा मुद्देमाल हस्तगत. लोक लाखांचा आकडा वाचतात. मी मोळीच्या बुडख्याकडं बघतो. तिथं मुळं असतात, आणि मुळांना चांगली शेर-दोन शेर ओली काळी माती चिकटलेली असते.

या देशाचं गांजाविषयीचं सगळं धोरण त्या मातीत आहे, असं माझं नम्र मत आहे.

कायदा 1985चा. त्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोऱ्याला आलेला किंवा फळं धरलेला शेंडा. पानं आणि बिया शेंड्यासोबत नसतील तर त्या गांजात धरायच्या नाहीत. उत्तरेत भांगेचं सरकारमान्य दुकान राजरोस चालतं ते याच पानांच्या जिवावर. (आपल्याकडं भांगेलाही परवाना लागतो, पण आपल्या दारूबंदी कायद्यात दारूचा परवानादेखील ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ मिळतो, तेव्हा आपण न बोललेलं बरं.) खोड, फांद्या, मुळं यांना त्या व्याख्येत जागा नाही. मातीला तर नाहीच नाही. हा शेंडा एक किलोपर्यंत सापडला तर अल्प प्रमाण: फार तर वर्षाची सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 20 किलोच्या वर गेला की व्यापारी प्रमाण: कमीत कमी दहा वर्षं, जास्तीत जास्त वीस, शिवाय एक ते दोन लाख दंड. नुसतं झाड लावल्याबद्दल मात्र शिक्षा दहा वर्षांपर्यंत. म्हणजे झाड जमिनीत उभं असताना शिक्षा जिथं संपते, तिथंच ती झाड उपटून काट्यावर ठेवल्यावर सुरू होते.

आता प्रश्न असा की हा काटा कुणाचा? इथं जरा इतिहास आठवा. इंग्रजांनी 1893-94 साली या एका झाडासाठी आयोग नेमला, हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, सात खंड छापले आणि बेतानं ओढणाऱ्याला फारसा अपाय होत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा, असं सांगितलं. 1961 साली जगातल्या देशांनी अमली पदार्थांवर करार केला, त्यात गांजाचा वापर थांबवायला आपण पंचवीस वर्षांची मुदत घेतली. डिसेंबर 2020मध्ये व्हिएन्नात मतदान होऊन गांजा त्या कराराच्या सर्वांत कडक यादीतून 27 विरुद्ध 25 मतांनी बाहेर निघाला, आणि भारतानं बाहेर काढण्याच्या बाजूनं मत दिलं. आयोग, करार, मतदान, सव्वाशे वर्षांचा एवढा अभ्यास झाल्यावर शेवटी चिखल तुडवत रानात कोण येतो? गावातला किराणावाला. पंचनाम्याला वजन करायला त्याला दुकानातून उठवून आणलेला असतो. मोटारसायकलवर मागं इलेक्ट्रॉनिक काटा, काट्याच्या ताटलीवर सकाळच्या साखरेचे दाणे. बांधावर सपाट जागा शोधून तो काटा मांडतो, बटण दाबून शून्य करतो आणि एका माणसाच्या आयुष्याची दहा वर्षं तोलायला घेतो. झाडं काट्यावर मावत नाहीत, मग पोत्यात कोंबतात. पोतं ओलं. झाडं ओली, कारण रात्री पाऊस झालेला. 19 किलो 400 ग्रॅमवर आकडा अडला तर आणखी दोन झाडं घाला, बुडखा नीट आत ढकला. हाच किराणावाला दुकानात शेतकऱ्याकडून शेंगा घेताना पोत्याचं वजन काढल्याशिवाय पैसे मोजत नाही. बारदान वजा हा त्याच्या धंद्याचा पहिला धडा. तो इथं, आयुष्यात एकदाच, बारदान वजा करायला विसरतो आणि त्याला कुणी आठवणही करून देत नाही.

बारदानावरून आठवलं. तोच शेतकरी सोयाबीन घेऊन बाजारात जातो तेव्हा काय होतं? पहिल्यांदा पोत्यात परखी खुपसतात. मग मशीन लावून ओलावा बघतात. हमीभावाच्या खरेदीला ओलाव्याची हद्द 12 टक्के. एक टक्का जास्त निघाला की गाडी माघारी. 2024च्या हंगामात सरकारनं मन मोठं करून ती हद्द 15 टक्क्यांवर नेली, पण तोवर गरजवंतांनी 4892च्या हमीभावाच्या कितीतरी खाली माल घालून टाकला होता. व्यापाऱ्याकडं गेलं तर माती म्हणून कडता, काडीकचरा म्हणून कडता, ओल म्हणून कडता, वर हमाली, तोलाई. दाण्यातला थेंब न थेंब हिशोबात धरून पैसे कापतात. आणि त्याच माणसाच्या त्याच रानातून, त्याच पावसात भिजलेलं दुसरं झाड उपटलं की ओल, माती, काडी, कचरा, मुळं, पोतं सगळं पक्क्या मालात जमा! सोयाबीनमधल्या पाण्याचे पैसे जातात, गांजातल्या पाण्याची वर्षं जातात. शिवाय मुद्देमालाचा भाव किलोला हजारांत, तोही सरकारी कागदावर, फोटोसकट. शेतकऱ्याच्या मालाला इतका चढा भाव या राज्यात दुसऱ्या कुठल्याच कागदावर लागत नाही. शेतकरी अधूनमधून जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज देतात, ‘कशालाच भाव नाही, गांजा लावायची परवानगी द्या.’ आपण त्याला स्टंट म्हणतो आणि हसतो. हसू नका. त्यांनी पेपर वाचलेला असतो.

पुढचं हसण्यासारखं नाहीच. शेंडे वेगळे करून तोलले होते का, असं न्यायालयं विचारतात, आणि नव्हते तोलले म्हणून जामीन मिळाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पण कधी? व्यापारी प्रमाण लागलं की हा माणूस दोषी नाही असं मानायला जागा आहे, अशी न्यायाधीशांची खात्री आधी पटावी लागते, मग जामीन. तोवर महिने जातात. वकिलाची फी जाते, म्हैस जाते, पेरा चुकतो. आणि हे सगळं कशासाठी, तर पोतं झटकायला कुणाला वेळ नव्हता म्हणून! गांजापायी डोकं फिरलेली, कॉलेज सुटलेली पोरं मी पाहिली आहेत. झाडाचं कौतुक मला करायचं नाही. गुन्हा असेल तर शिक्षा द्या. पण शेंड्याची द्या, चिखलाची देऊ नका.

शहरातल्या परिसंवादात हे कुणी बोलत नाही. तिथं एक बाजू ‘आपली संस्कृती’ म्हणते आणि दुसरी ‘हरित अर्थव्यवस्था’. दुसरी बाजू कॅलिफोर्नियाचं नाव फार घेते. तिथं गांजा खुला झाला, पीक वाढलं, भाव कोसळला, पिकवणाऱ्यांनी बोंब मारली आणि जुलै 2022पासून सरकारला लागवडीवरचा करच काढून टाकावा लागला. लासलगावच्या कुठल्याही कांदेवाल्याला विचारलं असतं तर त्यानं हे भविष्य फुकट सांगितलं असतं. थायलंडनं 2022मध्ये दार उघडलं आणि 2025मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीपुरती फट ठेवून लावलं. आपल्याकडं उत्तराखंडानं 2018पासून धाग्या-बियांसाठी परवान्यानं लागवड दिली, अट एकच, नशेचा अंश 0.3 टक्क्याच्या आत. तो मोजायला प्रयोगशाळा लागते. किराणावाल्याच्या काट्यावर तो दिसत नाही.

उद्या समजा महाराष्ट्रातही गांजा खुला झालाच. परवाना शहरातल्या कंपनीला मिळेल, रान आपल्या आबांचं असेल. आबा माल घेऊन जातील तेव्हा कंपनीचा माणूस मोळीकडं बघून म्हणेल, ‘आबा, नुसते शेंडे घेतो आम्ही. पान काढा, देठ काढा, माती झटका. आणि ओल किती आहे बघा, कडता लागेल.’ 1985च्या कायद्यातली व्याख्या त्या दिवशी पहिल्यांदा शब्दशः पाळली जाईल, कारण त्या दिवशी पैसे द्यायचे असतील.

म्हणून गांजा खुला करावा की नाही यावर सावकाश भांडा, घाई नाही. तोवर एक साधं परिपत्रक काढा: बाजार समितीत शेतकऱ्याचा माल जसा तोलतात, तसाच पंचनाम्यातही तोलायचा. शेंडे वेगळे काढून, ओलावा मोजून, बारदान वजा करून.