गाळणी, एक नग

साखर कारखान्याचं गाळप किती झालं, हे नाक्यावरच्या पानवाल्यालाही तोंडपाठ असतं. टर्बाइनच्या तोंडाशी बसलेली वाफेची गाळणी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसते. तिच्या जाळीसाठी मी मागणीपत्र पाठवलं, तर पर्चेसचे अण्णा म्हणाले, "साहेब, जाळी ती जाळी. स्टोअरात पितळेची पडून आहे, तीच लावा."

अण्णांच्या चहाला पितळेची गाळणी चालेल. आमची वाफ ६७ किलो दाबाची आणि ४८५ अंशांची. तिच्यापुढे पितळ मऊ पडतं. गॅल्व्हनाइज्डचं तर नावच नको, जस्त ४१९ अंशांनाच वितळतं.

"मग ३०४ स्टेनलेस घेऊ," म्हणत अण्णांनी खिशातून चुंबक काढलं. चुंबक चिकटलं नाही की माल अस्सल, एवढं त्यांचं धातुशास्त्र.

इथे माझी जीभ अडखळली. कारण मागची ३०४ची जाळी मीच लावली होती.

गेल्या वर्षी बॉयलर अग्निप्रदीपनाच्या पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि मी सहज गाळणी उघडली. जाळी चिमटीत धरली, तर तळलेल्या कुरडईसारखी कुरकुर मोडली! वर दोन बोटांएवढा तुकडा गायब. तो पात्यांत शिरला असता, तर हंगामाबरोबर माझी नोकरीही संपली असती. तासाभराने तो गाळणीच्याच बुडाशी, गंजाच्या चिखलात सापडला. तेवढ्या वेळात मी तीन देवांना नवस बोललो. त्यातले दोन अजून फेडायचे आहेत.

झालं होतं असं. साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या टप्प्यात ३०४मधला कार्बन क्रोमियमला फूस लावतो. गंजापासून राखण करणारं क्रोमियम त्याच्याशी संसार थाटतं आणि धातूच्या कणांच्या सीमा उघड्या पडतात. हंगामभर कोरड्या वाफेत हे लफडं झाकून राहतं. ऑफ सीझनला पाइपात ओल साचली, की गंज नेमका त्या सीमांवरून आत घुसतो. म्हणजे जाळी राबून नाही, सुटीत बसून मेली!

३२१ या जातीत कार्बनसाठी टायटॅनियमचं स्थळ आधीच बघून ठेवलेलं असतं, तेही कार्बनच्या किमान ५ पट. क्रोमियम मग आपल्या कामावर राहतं. चुंबक दोघांनाही चिकटत नाही, म्हणून टेस्ट सर्टिफिकेट मागायचं.

हे सगळं अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. "स्थळ" म्हटल्यावर तर त्यांनी मानही डोलावली.

यंदा ३२१ची जाळी आली, सर्टिफिकेटसकट. गाळणीचं पोट खाली न लोंबवता आडवं बसवलं, म्हणजे पाणी साचायला नको. स्टोअरच्या रजिस्टरात मात्र अण्णांच्या अक्षरात नोंद आहे: "चहा गाळणी, मोठी, १ नग."