एक-तृतीयांश गृहिणी

मोटार-अपघातात दगावलेल्या मनुष्याचे मोल भरपाईसाठी त्याच्या मिळकतीवरून ठरवावे, हा हिशेब वरकरणी निर्दोष खरा. परंतु जी पहाटे दूध तापवते, दुपारी सासऱ्यांच्या गोळ्या मोजते आणि रात्री सर्वांची पाने वाढून झाल्यावर तळाशी उरलेल्या आमटीत पाणी घालून स्वतः जेवते, तिच्या नावे पगाराची पावती कधीच फाडली जात नसल्यामुळे, १९९४ साली मोटार वाहन कायद्यास जोडलेल्या दुसऱ्या अनुसूचीने, मोठ्या औदार्याने, तिचे उत्पन्न हयात जोडीदाराच्या कमाईच्या एक-तृतीयांश धरले. अर्थात साहेबांच्या पत्नीची पोळी शिपायाच्या पत्नीच्या पोळीहून महाग ठरली, मग दोघींची कणीक एकाच गिरणीतली का असेना! २००१ च्या जनगणनेने तर गृहिणींना, काम न करणाऱ्यांच्या सदरात, भिकारी आणि कैदी यांच्या पंगतीस बसवले, आणि त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयास कडक ताशेरे ओढावे लागले. पुढे २०२१ मध्ये याच न्यायालयाने तिच्या श्रमांची कदर व्हावी, असे निक्षून सांगितले; दफ्तरी मात्र त्या श्रमांपोटी धरलेल्या रकमेचे नाव अद्याप ‘काल्पनिक उत्पन्न’ असेच आहे. म्हणजे चटके खरे, पोळ्या खऱ्या, जेवणारे तर फारच खरे. काल्पनिक काय ते तिचे उत्पन्न!