पत्ता पुण्याचा, क्लब लँकेशायरचा

प्रति,
ब्लॅकबर्न रोव्हर्स फुटबॉल क्लबचे मालक,
मुक्काम पोस्ट पुणे.



कोरेगावच्या (जि. सातारा) फुटबॉलवेड्या मंडळींचं हे पत्र खरं तर तुम्हाला यायचं नव्हतं. 2025 मध्ये बातमी आली की हैदराबाद एफसी आता दिल्लीला निघाला, नवं नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली. म्हणजे 2019 पर्यंत जो संघ आपल्या पुण्याचा होता, त्याची जागा आधी हैदराबादला गेली आणि तिथून दिल्लीला. बदलीच्या सरकारी नोकरालासुद्धा सहा वर्षांत एवढं बिऱ्हाड हलवावं लागत नाही. चिडलेल्या मंडळींनी ठरवलं, पुण्याच्या फुटबॉल मालकांना एकदा खरमरीत पत्र धाडायचंच. पाकिटं आणली आणि पत्ते शोधायला बसली, तर पंचाईत.

पुणे एफसी? पिरामल घराण्याचा क्लब, 2007 चा. 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, अकादमी तर देशात नावाजलेली. वरचा संघ गुंडाळला, अकादमी दुसऱ्याच्या पदरात टाकली. भारत एफसी? कल्याणी समूहाचा. एकच हंगाम खेळला, तळाला राहिला, निघून गेला. डीएसके शिवाजीयन्स? लिव्हरपूलच्या नावाची अकादमी, लोणी काळभोरला हिरवीगार मैदानं, आय-लीगचे दोन हंगाम, आणि 2017 मध्ये दुकान बंद. पुढच्याच फेब्रुवारीत प्रवर्तक ठेवीदारांच्या पैशांच्या प्रकरणात अटकेत. तिथे पत्र पाठवून काय उपयोग? ठेवीदारांचीच पत्रं केवढी असतील.

राहिला एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाचा पैसा, आधी हृतिक रोशन आणि मग अर्जुन कपूर सहमालक, खेळाडूंत 2014 ला त्रेझेगे, नंतर मुटू आणि गुडजॉनसन. बालेवाडीत नारिंगी-जांभळ्या रंगाची जत्रा. 2017-18 मध्ये उपान्त्य फेरी गाठली, म्हणजे संघ जमायला लागला होता. सप्टेंबर 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोसळली, बिगरबँक वित्तसंस्थांची तोंडं कोरडी पडली आणि 2019 च्या जूनमध्ये वाधवानांच्या डीएचएफएलने रोख्यांची देणी थकवली. ऑगस्टमध्ये क्लबची जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे. घरकर्जाचा धंदा बुडाला तर मैदानावरचा मधल्या फळीतला खेळाडू का बेकार होतो, हे कोरेगावच्या पोरांना समजावून सांगता सांगता मोठ्यांच्या नाकी नऊ आले. त्या हैदराबादने पुढे 2021-22 चं विजेतेपद जिंकलं, मग खेळाडूंचे पगार थकवले, फिफाकडून नव्या खेळाडूंच्या नोंदणीवर बंदी ओढवून घेतली आणि 2024 मध्ये पुन्हा विकला गेला.

तर पुण्यात क्लब असलेले मालक शोधता शोधता एकच पत्ता उरला, तुमचा. पुण्यातले एकमेव टिकलेले फुटबॉल मालक. क्लब तेवढा लँकेशायरात आहे, एवढीच बारीकशी अडचण.

नोव्हेंबर 2010 आठवतोय? जग मंदीतून रांगत होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने, म्हणजे 2005-06 च्या राष्ट्रीय लीग विजेत्याने, शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देतो म्हणत पाटी काढली होती. त्याच वर्षी आमच्या चिमणगावचा जरंडेश्वर साखर कारखाना राज्य सहकारी बँकेच्या कर्जापायी लिलावात निघाला. (2021 मध्ये त्यावर ईडीची टाचही आली, मालक बदलण्याचं शास्त्र कोरेगावला नव्याने शिकवायला नको.) आणि त्याच वर्षी, महाराष्ट्रात असा सगळा उतार चालू असताना, कोंबड्यांच्या धंद्यातली आपली व्यंकीज कंपनी 1875 साली स्थापन झालेला, 1994-95 ची प्रीमियर लीग जिंकलेला क्लब विकत घेऊन मोकळी झाली. 2 कोटी 30 लाख पौंडांत, वर कर्ज वेगळं. रोनाल्डिन्हो आणि बेकहॅमची नावं हवेत उडाली. ऊर भरून आला हो.

मग तुम्ही कामाला लागलात. डिसेंबरमध्ये प्रशिक्षक सॅम अलर्डाइसला नारळ दिला, संघ तेराव्या क्रमांकावर सुरक्षित असताना. जागी आणला स्टीव्ह कीन, ज्याने तोवर कुठल्याच क्लबचं मुख्य प्रशिक्षकपद सांभाळलेलं नव्हतं. खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये बसवून चिकन खातानाची जाहिरात काढलीत, तीही चालली असती, त्यांनी चिकन खाऊन सामने जिंकले असते तर. 7 मे 2012 ला विगनकडून घरच्या मैदानावर हरून संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला; त्याच सामन्यात प्रेक्षकांनी क्लबच्या रंगात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. पुढच्या हंगामात हेनिंग बर्गला प्रशिक्षकपदी 57 दिवस ठेवलंत आणि भरपाईपोटी कोर्टाच्या आदेशाने मोजलेत साडेबावीस लाख पौंड. 2017 मध्ये तुमचा क्लब तिसऱ्या श्रेणीत उतरला; प्रीमियर लीग जिंकलेला क्लब एवढा खाली जाण्याची ती पहिलीच वेळ.

आता मुद्द्याचं. इथे कोरेगाव तालुक्यात कोणीही करारावर ब्रॉयलर शेड टाकलं, मग कंपनी कुठलीही असो, तर सुपरवायझर ठरल्या दिवशी मोटारसायकलवर येऊन हजर. पिल्लं मोजतो, वजन घेतो, खाद्याचा हिशेब मागतो, मर किती झाली विचारतो. पाच हजार पिल्लांच्या शेडवर ही पाळत. आणि तीस हजार प्रेक्षकांचं तुमचं मैदान, ईवूड पार्क? मालक कित्येक वर्षं तिथे फिरकले नाहीत, ही ब्लॅकबर्नकरांची मुख्य तक्रार आहे. हरलो याचा राग ते पुढच्या शनिवारपर्यंत गिळतात. न येणाऱ्या मालकाचा राग साठत जातो. पुण्याहून ब्लॅकबर्न लांब आहे, मान्य. पण जो धंदा तुम्ही शेडमध्ये उभं राहून वाढवलात, तो शेडमध्ये न जाता चालत नाही हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक?

बरं, आता थोडं खरं बोलू. तुमच्यावर हसताना हात आखडतोच. वाधवान गेले, डीएसके गेले, पिरामल आणि कल्याणी कंटाळले. तुम्ही नाही गेलात. वीस कोटी पौंडांहून अधिक पैसा तुम्ही त्या गावात ओतलाय, परतावा शून्य. 2020 च्या फेब्रुवारीत चिकनने कोरोना होतो अशी अफवा उठली, महाराष्ट्रात कोंबड्या फुकट वाटाव्या लागल्या, शेतकऱ्यांनी पिल्लं खड्ड्यात पुरली. तुमचंही कंबरडं मोडलं असणार. तरी ब्लॅकबर्नला पैसा जात राहिला. आदल्या वर्षी, पुण्याचा संघ हैदराबादला गेला त्याच ऑगस्टमध्ये, तिकडे शेजारचा 1885 चा बरी क्लब पैशांअभावी लीगमधून हाकलला गेला होता. ब्लॅकबर्नवर ती पाळी आली नाही, याचं श्रेय तुमचंच. 2023 मध्ये तर तिकडे पैसे पाठवायलाही दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागली. स्वतःचेच पैसे तोट्यात घालायला कोर्टाची पायरी चढणारा दुसरा मालक दाखवा!

पण म्हणूनच मे 2025 ची गोष्ट जास्त लागते. महिलांच्या संघाला दुसऱ्या श्रेणीत राहायला लागणाऱ्या परवान्याच्या अटी पुऱ्या करायला पैसे नाहीत म्हणे. संघ मागे घेतला, पोरी थेट चौथ्या श्रेणीत. बर्गच्या 57 दिवसांना पैसे होते. 2024 मध्ये अकादमीचा ॲडम व्हॉर्टन क्रिस्टल पॅलेसला विकून जवळपास दोन कोटी पौंड आले, तेही होते. पोरींना नव्हते. हे बघून कोरेगावातल्या ज्यांच्या लेकी शाळेच्या संघात खेळतात ते गप्प झाले नाहीत, चांगलेच भडकले. लाज वाटायला हवी होती, आणि ती पुण्यातच वाटायला हवी होती.

बाकी किरकोळ. कीनला एवढे दिवस का ठेवलं, सांगू नका, ऐकवणार नाही. जाहिरातीतलं चिकनही माफ.

एक गोष्ट मात्र डोक्यात ठेवा. इथून दोन-अडीच तासांवर कोल्हापूर आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल खेळतात. हाणामाऱ्या होतात, स्पर्धा थांबतात, पुन्हा सुरू होतात. त्यांना मालक नाहीत. तालीम आहे, पेठ आहे, वर्गणी आहे. कुठल्याही मंदीत शिवाजी पेठ उचलून हैदराबादला नेता येत नाही. इंग्लंडातसुद्धा 2010 मध्ये बुडालेला पोर्ट्समथ 2013 ला प्रेक्षकांच्या ट्रस्टने विकत घेऊन वाचवला.

तेव्हा विनंती एवढीच. या मोसमात एकदा ईवूड पार्कला जाऊन बसा, मालकांच्या काचेच्या खोलीत नव्हे, प्रेक्षकांत. शिव्या खाव्या लागतील, खा. महिला संघाचे पैसे आधी भरा. विकायचं ठरलंच तर पहिली बोली तिथल्या प्रेक्षकांच्या ट्रस्टला लावू द्या. आणि त्यातून जे उरेल त्यात पुण्यात एक क्लब काढा, साधासा, तिसऱ्या दर्जाचा चालेल. फक्त त्याच्या कागदावर लिहून द्या की हा पुण्याबाहेर हलवता येणार नाही.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कोरेगावचे फुटबॉलवाले