मॉकअप

डहाणूकडच्या सरावलीत त्याला सगळे 'मॉकअप' म्हणतात. शाळेच्या दाखल्यावर दुसरं नाव आहे, पण ते आता परीक्षेच्या फॉर्मपुरतं आणि आईच्या रागापुरतं उरलंय. मुंबईच्या एका कॉलेजात तो उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि सध्या पोर्टफोलिओ करतो आहे. हे 'सध्या' पहिल्या वर्षापासून चालू आहे.

पोर्टफोलिओत काय आहे? स्वीडनमधली एक कॉफी कंपनी आहे, जी स्वीडनमध्येही नाही. एक विमान कंपनी आहे, जिचं विमान कुठून उडत नाही. एक अत्तर आहे, ज्याला वास नाही. कॉफीचा कप ओकच्या टेबलावर ठेवलेला असतो आणि बाजूने एका पानाची सावली त्यावर तिरकी पडते. जगभरातल्या डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या टेबलांवर हीच सावली याच कोनातून पडते, कारण मॉकअपची ती तयार फाइल फुकट मिळते.

नुसता कप दाखवून चालत नाही म्हणे, प्रोसेस दाखवावी लागते. म्हणून लोगो पक्का झाला की मॉकअप वही काढतो आणि पेन्सिलीने वीस कच्चे लोगो रेखाटतो. एकोणीस मुद्दाम वाईट. विसाव्याभोवती लाल वर्तुळ. पानाच्या कोपऱ्यात चहाचा गोल डाग हवा, तो त्याने तीनदा पाडला. पहिले दोन ओघळले. मग संशोधन. त्यासाठी आजीची मुलाखत घेतली.

"आजी, तू कॉफी कधी घेशील?"

"का? डॉक्टरने सांगितलीय?"

केस स्टडीत छापलं गेलं: 'ज्येष्ठ ग्राहक कॉफीकडे आरोग्याच्या दृष्टीने पाहतात.'

'माझ्याविषयी' या पानावर फोटोशॉप नव्वद टक्के, इलस्ट्रेटर पंच्याऐंशी टक्के अशा पट्ट्या आहेत. उरलेलं दहा टक्के फोटोशॉप कोणतं, असं मी एकदा विचारलं, तर त्याने मला 'टार्गेट ऑडियन्स नाही' म्हणून निकालात काढलं. अख्खी पीडीएफ इतकी जड झालीय की जीमेलच्या 25 एमबीच्या दारातून ती आत जात नाही.

2013 पासून लोकल डहाणूपर्यंत यायला लागली, म्हणून हे सगळं शक्य झालं. चर्चगेटपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. बाकीचे झोपतात, भजनं म्हणतात, हा मांडीवर लॅपटॉप घेऊन दोन अक्षरांमधलं अंतर कमीजास्त करत बसतो. शेजारचा माणूस विरारपासून पालघरपर्यंत ते बघतो आणि शेवटी म्हणतो, "भाऊ, हँग झालाय का?"

कॉलेजात मात्र त्याचं एक दुःख आहे आणि त्यात मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे. गावाचं नाव सांगितलं रे सांगितलं की समोरचा म्हणतो, "डहाणू? मग वारली कर ना!" पुण्याच्या मुलाला कुणी शनिवारवाडा काढायला बसवत नाही. वारलीत लग्नाचा चौक सवाशिणी लिहितात, त्याची एक रीत आहे. ती काही डहाणूच्या तिकिटासोबत मिळत नाही. गंजाडच्या बाजूचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे 2011 मध्ये पद्मश्री झाले, तेही आयुष्यभर काढत राहिले म्हणून. सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात कागद घेऊन आले, त्याआधी ही चित्रं गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने निघत होती आणि त्यांची पीडीएफ कुणी मागितली नव्हती.

मॉकअपचं दैवत पॉल रँड. 1986 मध्ये रँडने स्टीव्ह जॉब्सच्या 'नेक्स्ट' कंपनीला एकच लोगो दिला आणि एक लाख डॉलर घेतले. दुसरा पर्याय नाही. हा बाणा मॉकअपने गावच्या क्रिकेट मंडळावर आजमावला. महालक्ष्मीच्या यात्रेच्या सुमाराला स्पर्धा होती. पांढऱ्या फ्लेक्सवर मधोमध एक लाल चेंडू, खाली बारीक अक्षरांत तारीख.

"मी एकच पर्याय देतो," तो म्हणाला.

"दे की," अध्यक्ष म्हणाले. "फक्त यात बावीस फोटो बसव."

मग त्यांनी सांगितलं: आमदारांचा चेहरा सगळ्यांत मोठा, सरपंचांचा त्याच्या निम्मा, उपसरपंच डावीकडे पण माजी सरपंचांपेक्षा रेसभर वर, नाहीतर ते बक्षीस देणार नाहीत. व्हिज्युअल हायरार्कीवर मॉकअपने कॉलेजात एक अख्खी असाइनमेंट केली होती. तिच्यात माजी सरपंच नव्हते. फ्लेक्स झाला, चौकात लागला, सगळे खूश झाले. पोर्टफोलिओत तो नाही.

चिकूच्या खोक्याचं प्रकरण त्याहून वरचं. इथल्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे आपला खोकाही जरा बरा दिसावा असं एका बागायतदार शेठना वाटलं. मॉकअपने कोऱ्या खोक्यावर एक तपकिरी वर्तुळ काढून नेलं. शेठनी ते लांब धरलं, जवळ धरलं.

"बटाटा?"

"शेठ, हे मिनिमल आहे."

"माझं पण म्हणणं कमीच आहे. माझा नंबर चारी बाजूंना टाक. टेंपोत थप्पी लागली की एकच बाजू दिसते, कोणती ते हमाल ठरवतो. आणि अक्षर जाड कर, मार्केटात माल पहाटे उतरतो, उजेड नसतो."

मॉकअपने तोंड वाकडं करून सगळं केलं. वर्तुळाला देठ आला, फोड आली, फोडीत काळी बी आली. खोके छापले गेले, भरले गेले. मला विचाराल तर त्याच्या हातून झालेलं ते सगळ्यांत चांगलं काम. लांबून वाचता येतं, आणि चिकू चिकू दिसतो.

एवढ्यात मुंबईच्या एका स्टुडिओत त्याला मुलाखतीला बोलावलं. खरं छापलेलं काहीतरी आणा, असं कळवलं होतं. दोन रात्री तो खोक्याच्या फोटोवर बसला. टेंपो पुसला, हमालाचा हात पुसला, चारी बाजूंचे नंबर पुसले. खोका ओकच्या टेबलावर आला. पानाची सावली पडली.

परत आला तो उड्या मारतच. "सर, त्यांनी पहिलाच प्रश्न काय विचारला सांगा? हा मॉकअप कुठून डाउनलोड केलास!"

"मग तू काय सांगितलंस?"

"लिंक पाठवतो म्हणालो."

तोच फोटो त्याने शेठनाही दाखवला. शेठनी चष्मा लावला, बोटांनी चित्र मोठं केलं, डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं.

"नंबर कुठे गेला माझा?"