मटके फोडणाऱ्या भाऊंना खुले पत्र

मा. नगरसेवक भाऊ,


पाणीपट्टी वाढली की झोन कार्यालयासमोर तुमचा मोर्चा ठरलेला. बाया डोक्यावर मटके घेऊन उन्हात उभ्या. कॅमेरा आला की तुम्ही पुढे होता, मटका आपटता, निवेदन देता आणि एसी गाडीत बसून निघून जाता. खापऱ्या सफाई कामगार उचलतो. पक्ष कोणता ते लिहीत नाही, कारण जो विरोधात बसतो तो हेच करतो.

भाऊ, ही वाढ आभाळातून पडत नाही. नागपूर महापालिकेच्या २००९ च्या पाणी उपविधीतच दरवर्षी ५ टक्के दरवाढीची तरतूद आहे. ती तशीच चालली तर १०० रुपयांचे बिल १५ वर्षांत २०८ वर जाते. देखभालीचा खर्च नागरिकांकडूनच वसूल करा, ही केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेची अट होती. तेव्हा दिल्लीत काँग्रेसप्रणीत सरकार होते. महापालिकेत सत्ता होती भाजपची. हात दोघांचेही ओले आहेत. मग मटका कोणाच्या नावाने फोडता?

मार्च २०१२ मध्ये ऑरेंज सिटी वॉटर या खासगी कंपनीने शहराचा पाणीपुरवठा हाती घेतला, २५ वर्षांच्या करारावर. पाच वर्षांत साऱ्या शहराला चोवीस तास पाणी, असे सांगितले होते. जुलै २०१९ मध्ये तोतलाडोह धरण आटले आणि नागपूरला दिवसाआड पाणी आले. वर मध्य प्रदेशात पेंच नदीवर चौराई धरण झाले, त्याने आपल्याकडे येणारे पाणी कमी झाले. त्यावर तुम्ही किती वेळा बोललात? तो विषय अवघड आहे, त्यात मटका फोडता येत नाही.

नळ सुटला की आधी फुसफुस हवा येते, मग लालसर गढूळ पाणी, मग नितळ. मीटरचा काटा मात्र हवेपासूनच फिरू लागतो. त्या हवेचे पैसे का भरायचे, हा साधा प्रश्न तुमच्या निवेदनात कधी दिसला नाही. शहराच्या कडेच्या लेआउटमध्ये टँकर आला की बाया पाइप धरायला धावतात. त्यांच्याकडे मीटरच नाही, तर दरवाढ रद्द होऊन त्यांना काय मिळणार? आणि निवडणूक जवळ आली की तुम्ही थकबाकी माफ करायला निघता. जो रांगेत उभा राहून वेळेवर बिल भरतो, त्याला तुम्ही दरवेळी मूर्ख ठरवता.

पाणी फुकट द्या, असे मी म्हणत नाही. पेंचचे पाणी शुद्ध करून चौथ्या माळ्यापर्यंत चढवायला पैसा लागतो आणि तो मी देईन. पण जेवढे पाणी, तेवढाच पैसा. गरिबाला पिण्यापुरते पाणी परवडेल एवढा पहिला टप्पा स्वस्त ठेवा, बाकीचा हिशेब उघड मांडा.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. त्या काळात तुमच्याकडे मत नव्हते, एवढी सबब मान्य. सभागृहात बसल्यावर ती चालणार नाही. तिथे उपविधीतले ते ५ टक्क्यांचे कलम बदलण्याचा ठराव लेखी मांडा, त्यावर नावानिशी मतदान मागा आणि कोणी हात वर केला, कोणी खाली ठेवला, ती यादी वॉर्डात लावा. तोवर आमच्या बायांना उन्हात उभे करू नका.

आपला,
पाणीपट्टी वेळेवर भरणारा एक नागपूरकर