श्री. पिंग यांस अनावृत पत्र

श्री. पिंगसाहेब,
स. न. वि. वि.

डिसेंबर १९८३ मध्ये माइक म्यूस यांनी आपल्याला जन्माला घातलं, तेव्हापासून आपला शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. आपण चार वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणालात की ऑफिसभर बोभाटा: नेटवर्क गेलं! मग कोणीतरी उत्साही गृहस्थ राऊटर बंद-चालू करतात. दोन्ही मशीन एकाच व्हीलॅनमध्ये, एकाच सबनेटमध्ये. त्यांच्या आपसातल्या बोलण्याशी राऊटरचा काडीचा संबंध नाही. हे सांगायला जावं तर म्हणतात, "करून बघायला काय जातं?" जातं काय, तर सगळ्या मजल्याचं इंटरनेट जातं.

विंडोजची फायरवॉल २००४ सालच्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ पासून आपसूक चालू असते आणि आपली हाक ती बहुतेकदा दारातच गिळते. तिकडे बाई निवांत टॅलीत व्हाउचर टाकत असतात, इकडे त्यांचं मशीन मेल्याचं आपण जाहीर करून मोकळे.

आपल्याआधी जो तिथं जाऊन येतो, त्या एआरपीला मात्र कोणी विचारत नाही. तो १९८२ चा, म्हणजे वयानंही थोरला. 'हा आयपी कोणाचा?' असं व्हीलॅनभर ओरडून त्यानं मॅक अ‍ॅड्रेस आणल्याशिवाय आपलं पॅकेट तारेवर पडत नाही. आपण गप्प झालात की लगेच त्याचा टेबल उघडावा. समोरच्याचा मॅक दिसला, तर केबल, स्विच, व्हीलॅन बहुधा शाबूत. फायरवॉलची झडती घ्यावी. नाही दिसला, तर स्विचकडे निघावं. आपणही ते सुचवता म्हणा: आपल्याच मशीनच्या पत्त्यावरून 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आलं, याचा अर्थ एआरपीला कोणी दाद दिली नाही. पण तेवढं वाचतो कोण!

स्विचवरची करामत तर विचारूच नका. दोन मजले, दोन सिस्को स्विच, मध्ये ट्रंक. नवीन व्हीलॅन ३० साठी कोणी 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०' अशी कमांड देतो आणि 'अ‍ॅड' हा शब्द गाळतो. स्विच बिचारा आज्ञाधारक. जुनी यादी पुसतो, एकटा ३० ठेवतो. आता व्हीलॅन २० मधले खालचे खालच्यांशी बोलतात, वरचे वरच्यांशी; मजल्यामजल्यांत अबोला. दिवे मात्र दोन्हीकडे हिरवेगार.

मास्कचंही तेच. एकाला २५५.२५५.२५५.०, दुसऱ्याला २५५.२५५.२५५.१२८. मग १९२.१६८.२०.२०० ला आपल्याच व्हीलॅनमधला १९२.१६८.२०.१० परगावचा वाटतो आणि तो उत्तर गेटवेकडे धाडतो. शेजारणीला वाटीभर साखर द्यायची, तीही तहसील कचेरीमार्फत! गेटवे भरलेलाच नसेल, तर साखर घरातच राहिली. शिवाय काही पोर्ट मुद्दाम 'प्रोटेक्टेड' केलेले असतात, एकमेकांशी बोलूच नयेत म्हणून. तिथं आपण घसा कोरडा करू नये.

विनंती इतकीच, की आपल्या निकालाखाली बारीक अक्षरात का होईना, 'एआरपी टेबल पाहिल्याशिवाय राऊटरला हात लावू नये' असं छापत चला. कळावे, लोभ असावा.

आपला,
व्हीलॅन २० चा एक हमाल

ता. क. आपलं उत्तर आलं तरी आम्ही हुरळत नाही. परवा विंडोज सर्व्हरला हाक मारली, टीटीएल १२८ ऐवजी ६४ आला. तोच आयपी कोणीतरी प्रिंटरला देऊन ठेवला होता आणि 'ओ' तो देत होता.